अंगणातली मिरची घरातल्या हायड्रोपोनिक्समध्ये कशी हलवायची?

मिरची म्हणजे एका हंगामाचं पीक, असा आपला समज असतो. तोडे संपले की शेतकरी झाडं उपटतो, म्हणून तो पक्काही होतो. प्रत्यक्षात मिरची बहुवर्षायू आहे. जपली तर एकच झाड काही वर्षं फळं देतं. थंड देशांत लोक कुंडीतली मिरची हिवाळ्यात घरात घेतात. जामनेरला शत्रू थंडी नाही, ऊन आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर टिकलं की मिरचीची फुलं गळू लागतात, आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो.

म्हणून काही जण अंगणातलं झाड घरात आणून बिनमातीच्या पद्धतीवर, म्हणजे हायड्रोपोनिक्सवर वाढवतात. त्यात मुळं खतं विरघळवलेल्या पाण्यात किंवा कोकोपीटमध्ये असतात.

कोणतं झाड हलवावं?

बाजारात सहज मिळणाऱ्या वाणासाठी हा खटाटोप करू नका. त्याचं बी कोकोपीटमध्ये टाकून नवं रोप करणं सोपं. पण भरितासाठी घरात वर्षानुवर्षं राखलेला, दुकानात बी न मिळणारा वाण असेल, तर झाड वाचवण्यात अर्थ आहे.

पानं आकसून वर वळली असतील, तर तो चुरडामुरडा असू शकतो. पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळे तो झाला असेल तर इलाज नाही. असं झाड घरात आणू नका. पानांच्या खालची बाजू भिंगाने पाहा. फुलकिडे, कोळी किंवा मावा दिसला तर आधी निंबोळी तेलाची फवारणी करा. निरोगी दिसणारं झाडही दोन आठवडे इतर रोपांपासून लांब ठेवा. बाहेर किडींना खाणारे मित्रकीटक असतात, घरात ते नसतात. त्यामुळे आत आलेली कीड फार लवकर वाढते.

कधी आणि कसं?

फेब्रुवारी सर्वांत चांगला. थंडी ओसरलेली असते आणि ऊन तापण्याआधी झाड स्थिरावतं. एप्रिल-मे टाळा.

१. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. फुलं आणि फळं काढून टाका.

२. संध्याकाळी झाड मातीच्या गोळ्यासह काढा. काळी माती मुळांना घट्ट चिकटते. ती ओढून काढू नका. गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा-एक तास भिजवा आणि माती आपोआप सुटू द्या. पाणी दोन-तीनदा बदला.

३. काळी पडलेली मुळं कापा. मुळं जितकी कमी झाली, साधारण तितकाच शेंडा छाटा.

४. झाड जाळीच्या कुंडीत ठेवा, भोवती मातीचे भाजलेले गोळे किंवा धुतलेलं कोकोपीट भरा. चार-पाच दिवस सावलीत ठेवा.

मातीत वाढलेली मुळं पाण्यात लगेच रुळत नाहीत, त्यामुळे पहिला आठवडा पानं मलूल दिसतील. तेव्हा खत वाढवू नका. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटली की झाड लागलं.

पाणी आणि खत

बोअरचं पाणी जड असेल तर क्षार आधीच जास्त असतात. गाळलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी बरं. पीएच ५.८ ते ६.३ ठेवा. द्रावणातल्या क्षारांचं प्रमाण सांगणारा ईसी सुरुवातीला १ च्या आत आणि झाड वाढू लागल्यावर २ च्या आसपास असावा. युरिया चालत नाही, कारण तो नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू मातीत असतात, ताज्या द्रावणात जवळजवळ नसतात. हायड्रोपोनिक्सची ए आणि बी खतं वेगवेगळी पाण्यात मिसळा. घट्ट स्वरूपात एकत्र केली तर कॅल्शियम गाळ होऊन तळाला बसतं.

खरी अडचण: गरम पाणी आणि भारनियमन

पाणी जितकं तापतं, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. शिवाय कोमट पाण्यात मूळकूज वाढते. पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. टाकी पत्र्याच्या खोलीत नको. तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. टाकीत उजेड जाऊ देऊ नका, शेवाळ धरतं.

पाइपमधून सतत पाणी फिरवणाऱ्या पद्धतीत वीज गेली की उन्हाळ्यात थोड्याच वेळात मुळं सुकू लागतात. म्हणून भारनियमनाच्या गावात कोकोपीटची बादली सुरक्षित. पंप बंद पडला तरी ती ओल धरते, आणि मगाने द्रावण घालता येतं.

उजेड आणि फळधारणा

खिडकीतला उजेड सहसा पुरत नाही. १०० वॅटचा एलईडी दिवा रोज १४ तास लावला तर महिन्याला सुमारे ४२ युनिट वीज लागते. एका झाडाच्या मिरच्यांतून हा खर्च निघणार नाही. हा उद्योग पैसे वाचवण्याचा नाही, वाण वाचवण्याचा आहे.

मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, पण घरात वारा नसतो. दुपारच्या आत फांद्या हलक्या हाताने हलवा किंवा लहान पंखा लावा.

बाहेर मधमाश्या शेजारच्या मिरचीचे पराग आणतात आणि वाण मिसळतो. घरात एकच वाण असेल तर हा धोका जवळजवळ राहत नाही. दोन-चार फळं झाडावरच लाल होऊ द्या, बी सावलीत वाळवा आणि हवाबंद डब्यात ठेवा. उन्हाळ्यात झाड दगावलं, तरी जूनमध्ये पेरायला तुमच्या वाणाचं बी हाताशी असेल.