शेपूट हलतेय, मग काळजी कसली?

आमच्या सोसायटीत संध्याकाळी कुत्री फिरवणाऱ्यांचा एक कट्टा जमतो. तिथलं सर्वमान्य मत असं की कुत्रं नीट जेवतंय, शेपूट हलवतंय, जिना चढतंय, म्हणजे त्याचं हृदय ठणठणीत आहे. लस टोचताना डॉक्टर ‘मर्मर ऐकू येतेय’ म्हणाले, तरी ‘वय झालं की व्हायचंच’ म्हणून विषय मिटतो. खोकला सुरू झाला, धाप लागली, तर बघू. तोवर टूडी इको करायला सांगणं म्हणजे पैसे काढायचे धंदे.

या मतामागे माणसाचं हृदय आहे. घरोघरी कुणाची ना कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, त्यामुळे हृदयविकार म्हटला की ब्लॉकेज, कोलेस्टेरॉल आणि छातीतली कळ आठवते. कुत्र्याच्या बाबतीत हे चित्र जवळजवळ गैरलागू आहे. त्याच्या रोहिण्या अशा तुंबत नाहीत. छोट्या कुत्र्यांत, साधारण २० किलोंच्या आत, बिघडते ती डावं अलिंद आणि डावा निलय यांच्यामधली मायट्रल झडप. तिच्या कडा जाड आणि गाठाळ होतात, ती पुरती मिटत नाही आणि दर ठोक्याला थोडं रक्त उलटं फिरतं; मर्मर म्हणजे त्याचाच आवाज. ठोके दिवसाला लाखाच्या वर. अलिंद फुगत जातं, निलय ताणला जातो आणि हृदय हे सगळं वर्षानुवर्षं निमूट सोसतं. कळ नसते, तक्रार नसते. कुत्र्यांच्या एकूण हृदयविकारांत सुमारे तीन चतुर्थांश वाटा या एकाच रोगाचा आहे. डॅशहुंड, शिह त्झू आणि आपण ज्याला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतो तो इंडियन स्पिट्झ, ही सगळी याच वजनगटातली. (खरा पॉमेरेनियन जेमतेम तीन किलोंचा असतो. कट्ट्यावर हे अजून कुणाला पटलेलं नाही.)

‘मी रोज छातीला हात लावून बघतो, ठोके नीट लागतात,’ असं एक काका सांगतात. डॉक्टर मर्मरीची तीव्रता सहा पायऱ्यांत मोजतात आणि ती तळहाताला जाणवते ती पाचव्या पायरीपासून. त्याआधीची फक्त स्टेथोस्कोपला कळते, तीही डाव्या कोपराच्या मागे नेमक्या जागी टेकवला आणि कुत्रं धापा टाकत नसलं तर. खोकल्याची वाट बघणंही तितकंच फसवं. छोट्या कुत्र्यांचा खोकला पुष्कळदा श्वासनलिका चपटी होण्याने किंवा जुनाट ब्रॉन्कायटिसने येतो. म्हणजे खोकला असून फुफ्फुसात पाणी नसू शकतं, आणि पाणी भरू लागलं तरी खोकला नसू शकतो.

पण कट्ट्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे आणि तो टाळून वाद जिंकण्यात अर्थ नाही. लवकर निदान करून करायचं काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॅन्डिनेव्हियातल्या अभ्यासात मर्मर असलेल्या, पण लक्षणं नसलेल्या २२९ कॅव्हेलियर स्पॅनियलांपैकी काहींना एनालाप्रिल दिलं, काहींना नुसती खोटी गोळी. हृदय निकामी व्हायला लागलेल्या वेळात फरक पडला नाही. २००७ च्या अमेरिकी अभ्यासातही त्याच औषधाने ठामपणे बोलावं असं काही साधलं नाही. त्या काळात ‘लक्षणं येईपर्यंत थांबा’ म्हणणारा डॉक्टर आळशी नव्हता, पुराव्याला धरून होता.

पुरावा बदलला तो २०१६ साली. ‘एपिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत ११ देशांतली ३६० कुत्री होती. सगळी सहा वर्षांची किंवा मोठी, मर्मर असलेली, लक्षणं नसलेली आणि, इथे खरी मेख आहे, मोजून ज्यांचं हृदय मोठं झालेलं ठरलं अशीच. निम्म्यांना पिमोबेंडान हे औषध, निम्म्यांना खोटी गोळी. हृदय निकामी होणं किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणं, या टप्प्याला पोचायला खोट्या गोळीच्या गटाला मध्यकाने ७६६ दिवस लागले आणि औषधाच्या गटाला १२२८. सुमारे १५ महिन्यांचा फरक. चाचणीत आल्यापासून पुढे जगण्याचा मध्यकही ९०२ वरून १०५९ दिवसांवर गेला. बारा-चौदा वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या हिशेबात हे किरकोळ नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. खरं आहे, आणि अशा वेळी भुवई उंचावावीच. पण कुठल्या कुत्र्याला कुठली गोळी हे ना मालकांना माहीत होतं, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. आणि कट्ट्याचा कल मुळातच दुसरीकडे आहे: जे औषध विकत घ्यावं लागतं त्याचा पुरावा खोटाच असणार, असं तिथे धरून चालतात. दुसरा आक्षेप जुना आणि जास्त विचार करण्यासारखा आहे. पिमोबेंडान हृदयाचं आकुंचन वाढवतं, म्हणजे थकल्या घोड्याला चाबूकच नाही का? ही भीती हवेतली नव्हती. आकुंचन वाढवणाऱ्या मिलरिनोनने हृदय निकामी झालेल्या माणसांचे मृत्यू वाढवल्याचं १९९१ साली सिद्ध झालं होतं. पण एपिकमधल्या कुत्र्यांची हृदयं औषध सुरू केल्यावर ३५ दिवसांतच मापात लहान झालेली आढळली. चाबूक खाल्लेला घोडा असा सुटसुटीत होत नाही.

आता मला उलट्या टोकाच्या लोकांशीही भांडायचं आहे. मर्मर ऐकली की लगेच गोळी, वर पाणी काढणारं लॅसिक्स, शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून चिकन-अंडी बंद आणि बिनमिठाचा दहीभात. यातलं काहीच एपिकने सांगितलेलं नाही. हृदय मोठं न झालेल्या कुत्र्याला पिमोबेंडान देऊन फायदा होतो, असं दाखवलं गेलेलं नाही. अशी कितीतरी कुत्री म्हातारी होऊन भलत्याच कारणाने जातात. लक्षणं नसताना स्पायरोनोलॅक्टोन आणि बेनाझेप्रिल ही जोडी दिली तर हृदय निकामी होणं लांबणीवर पडतं का, हे २०२० च्या एका चाचणीत तपासलं, तेव्हा पडलं नाही. आणि दहीभाताने हृदय सुधारत नाही, स्नायू झडतात. हृदयरोगी कुत्र्याला प्रथिनं कमी नकोत.

म्हणून प्रश्न ‘लवकर औषध की उशिरा’ असा नाहीच. हृदय किती मोठं झालंय, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कानाने किंवा शेपटीने मिळत नाही. टूडी इकोत डावं अलिंद शेजारच्या महारोहिणीच्या १.६ पट किंवा जास्त भरलं, निलयही वजनाच्या मानाने ताणलेला निघाला, तर गोळीची वेळ झाली. तालुक्याच्या गावी इको नसेल तर एक्स-रे असतो. त्यावर हृदय मोजायची रीत मला फार आवडते. हृदयाची लांबी आणि सर्वांत रुंद जागची रुंदी घ्यायची, ती दोन्ही मापं पाठीच्या कण्यावर चौथ्या वक्षीय मणक्यापासून मागे ठेवायची आणि किती मणके भरले ते मोजून बेरीज करायची. पट्टी कुत्र्याची स्वतःचीच, त्यामुळे कुत्रं लहान की मोठं हा प्रश्न उरत नाही. साडेदहापर्यंत सहसा ठीक. इको नसताना साडेअकराच्या वर गेलं तर हृदय मोठं झालंय असं धरून चालता येतं. आमच्या स्पिट्झचं, चिंगीचं, माप दहा आलं. मर्मर तिसऱ्या पायरीची, वय दहा. औषध नाही, सहा महिन्यांनी पुन्हा माप. कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा ‘बघा, उगाच खर्च केलात’ म्हणाले. घराच्या विम्याची कागदपत्रं जपून ठेवणारे लोक हे.

डॉबरमनवाल्यांनी मात्र या सगळ्यावर विसंबू नये. त्यांच्या कुत्र्याचा रोग वेगळा. तिथे झडप नाही, स्नायूच दुबळा होतो, मर्मर बहुधा नसतेच आणि पहिलं लक्षण कधी कधी अचानक मृत्यू हेच असतं. त्यांच्यासाठी इकोबरोबर २४ तासांचं होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद, लागतं. लक्षणं नसलेल्या डॉबरमनांवरच्या २०१२ च्या चाचणीतही पिमोबेंडानने हृदय निकामी होण्याचा किंवा अचानक मृत्यूचा मध्यक ४४१ दिवसांवरून ७१८ वर नेला.

चिंगीचं सध्या एकच काम माझ्याकडे आहे. ती गाढ झोपली की मोबाइलचं घड्याळ लावून एक मिनिट तिच्या बरगड्या बघायच्या. वर आणि खाली मिळून एक श्वास. स्वप्नात पाय हलवत असेल तर मोजायचं नाही, मे महिन्यात पंख्याखाली आल्यावरच मोजायचं. झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवेत. फ्रिजवरच्या कागदावर गेल्या आठवड्याचे आकडे आहेत: १९, २२, २०, १८, २१. परवा ते छातीला हात लावणारे काका चहाला आले होते. कागद बराच वेळ वाचला आणि विचारलं, ‘आमचा टॉमी घोरतो, तर त्याचं कसं मोजायचं?’