प्रवेशाचा निर्णय

शिक्षणाचा इतिहास पदवीधरांच्या नामावळ्यांवरून लिहिण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. परंतु प्रवेशाच्या अर्जांवर संस्थेनें जे निर्णय दिले, त्यांवरूनच तिची खरी पारख होते, असें आम्हांस वाटतें. कमलाबाई सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांचें उदाहरण पाहावें. १९३३ सालीं मुंबई युनिव्हर्सिटीची बी. एस्‌सी. परीक्षा अग्रक्रमानें उत्तीर्ण होऊन त्यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. वडील व चुलते तेथेंच रसायनशास्त्र शिकलेले. तथापि संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं नकार दिला. उणीव गुणांची नव्हती, अर्जदार स्त्री होती एवढेंच कारण. कमलाबाईंनीं बंगलोरास जाऊन जाब विचारला, तेव्हां एक वर्षाच्या परीक्षणावर प्रवेश मिळाला. इतर विद्यार्थी निर्णयाची वाट घरीं बसून पाहतात. यांनीं ती वर्षभर प्रयोगशाळेंत राबत पाहिली. पुढें १९३६ सालीं एम. एस्‌सी. व १९३९ सालीं केंब्रिजची पीएच. डी. त्यांनीं मिळविली, आणि त्यांच्यामागून त्या संस्थेचें दार इतर स्त्रियांस उघडलें. ही कीर्ति आम्ही आनंदानें गातों. परंतु पहिल्या नकारासरशीं ज्या मुली मुकाट्यानें परतल्या असतील, त्यांची नोंद कोणत्या नामावळींत शोधावी?