कार्नाकचा पूल आणि पूर्णेचा उतार

मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळ रेल्वेच्या रुळांवरून जाणारा कार्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला. दीडशे वर्षांपूर्वीचे लोखंड कापून उतरवायला गाड्या सत्तावीस तास बंद ठेवाव्या लागल्या. त्याच जागी नवा पूल झाला आणि १० जुलै २०२५ रोजी 'सिंदूर' या नावाने तो वाहतुकीला खुला झाला. गोऱ्या गव्हर्नराचे नाव गेले याचा आनंद पुष्कळांना झाला. तो व्हावाही. पण नाव पुसले म्हणजे इतिहास फिटला, अशी समजूत करून घेणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पूल कोणाच्या नावाचा होता, हा प्रश्न सोपा आहे. तो कशासाठी बांधला, कोणाच्या हातांनी बांधला आणि त्यावरून कोण कसे गेले, हे प्रश्न अवघड आहेत. दर्यापूरकडच्या माणसाने मुंबईच्या पुलाची उठाठेव का करावी, याचेही उत्तर त्यांतच आहे.

सर जेम्स रिव्हेट-कार्नाक हे १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पूल त्यांच्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, १८६८ च्या सुमारास झाला. तेव्हा जी.आय.पी. रेल्वे बोरीबंदरपासून निघून शहर आणि बंदर यांच्या मधून चालली होती. शहरातून धक्क्यावर जाणाऱ्या मालाच्या गाड्या रुळांशी अडत. रस्ता रुळांवरून उचलून नेणे भाग होते.

येथे लोखंड का आले, हे समजून घेण्यासारखे आहे. दगडी कमानीला उंची लागते. कमान जितकी रुंद, तितकी ती वर चढवावी लागते आणि दोन्ही बाजूंचा चढ लांबत जातो. घोड्याची किंवा बैलाची भरलेली गाडी असल्या चढावर दम टाकते. लोखंडी तुळई मात्र सपाट पडते. दोन दगडी पायांवर मोठ्या तुळया आडव्या टाकायच्या, त्यांना काटकोनात लहान तुळया जोडायच्या आणि वर रस्ता करायचा. खाली इंजिनाच्या धुराड्याला जागा उरते आणि वर बैलाला चढ कमी पडतो. वजन आले की तुळईच्या वरच्या अंगावर दाब येतो आणि खालच्या अंगावर ताण. ओतीव लोखंड दाब सोसते पण ताणाला दगा देते. १८४७ साली इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवरचा ओतीव तुळयांचा रेल्वेपूल गाडीखाली मोडला आणि पाच माणसे मेली, तेव्हा इंजिनियरांनी हा धडा घेतला. पुढे तुळयांसाठी घडीव लोखंडाचे पत्रे रिव्हेटांनी जोडण्याची रीत रूढ झाली. पोलाद आले ते नंतर, १८८० नंतरच्या काळात.

हे घडीव लोखंड येथले नव्हते. विलायतेतल्या कारखान्यात पत्रे कापून, भोके पाडून, त्यांवर आकडे घालून जहाजाने आणायचे आणि येथे जुळवायचे, असा त्या काळचा प्रघात होता. लोखंड आपले नव्हते, जुळवणारे हात मात्र आपले होते. रिव्हेट भट्टीत लाल करायचा, चिमट्याने उचलून भोकात घालायचा, एकाने मागून रेटा द्यायचा, दोघांनी पुढून घणाने त्याचे डोके बसवायचे. निवताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. पुलाचे सारे बळ या आवळण्यात असते. एकाचा घण चुकला तर दुसऱ्याचा हात जातो. या कामाचे हिशेब टनांत आणि रुपयांत राहिले, माणसांच्या नावांत राहिले नाहीत.

याच कंपनीच्या बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या आरंभी सुमारे ४२,००० मजूर होते. महार, मांग, कुणबी, सारे त्यांत होते. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगा झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने मेला; पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने माणसे नेमून काम तडीस नेले. त्या बाईचे नाव आज रेल्वेच्या पुस्तकांत अभिमानाने घेतले जाते. तिच्या हिमतीविषयी आपली तक्रार नाही. तक्रार एवढीच की बेचाळीस हजारांचा उल्लेख केवळ आकड्याने होतो.

मजुराच्या बाजूने या खात्याकडे पाहणारा त्या काळचा एकच मोठा माणूस मला दिसतो. जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते. येरवड्याच्या बंधाऱ्याजवळच्या पुलाच्या आणि खडकवासल्याच्या कामाशी त्यांचा संबंध चरित्रकारांनी नोंदला आहे. इंजिनियर गोरा, पण हजेरी लिहिणारा, माप घेणारा आणि पैसे वाटणारा कारकून भटजातीचा. या दोघांच्या मध्ये शूद्र-अतिशूद्र मजुराची मजुरी कशी झिरपते, हे जोतीरावांनी कामावर उभे राहून पाहिले आणि त्यावर पद्येही रचली. साम्राज्यशाहीचे शोषण आणि जातीचे शोषण यांपैकी एकच निवडून त्यावर बोलणाऱ्यांनी हा हजेरीपट एकदा डोळ्यांसमोर आणावा. त्या एका कागदावर दोन्ही शोषणे शेजारी शेजारी सही करतात.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर येथल्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये जी.आय.पी. चा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कापूस कमिशनर म्हणून जो अधिकारी काम पाहत होता, त्याचे नाव जॉन हेन्री रिव्हेट-कार्नाक. मुंबईच्या पुलाला ज्याचे नाव होते, त्याच घराण्यातला हा माणूस. घराण्याचे एक नाव बंदराच्या वाटेवर आणि दुसरे कापसाच्या शेतावर, असा हा योग आहे. योगायोग म्हणून तो सोडून देता येईल. मला तो त्या काळच्या कारभाराचा नकाशाच वाटतो.

या कमिशनराने आपला हेतू लपवलेला नाही. रेल्वेने मँचेस्टरचे कापड वऱ्हाडात स्वस्त पडेल, त्यापुढे गावचे माग टिकणार नाहीत, मागावर खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि विणकर शेतीकडे वळेल, असा त्याचा हिशेब होता. विणकर म्हणजे कोष्टी, एवढेच आपले इतिहासकार धरून चालतात. पण नागपूर-वऱ्हाडकडे जाडेभरडे कापड विणणे हा महारांचाही मोठा धंदा होता. गावकीच्या तुकड्याखेरीज स्वतःच्या हाताची म्हणावी अशी मिळकत त्यांना या मागानेच दिली होती. तो माग ज्या गाड्यांनी मोडला, त्या गाड्या लोखंडी पुलांवरूनच आल्या. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गावात माग गमावलेल्यांची मुले-नातवंडे नागपुरात आणि मुंबईत गिरणीच्या दारात उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांत तर तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तो विटाळतो, म्हणून चांगल्या मजुरीचे विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. विणकराच्या वंशजाला विणाईची बंदी!

कापसासाठी लोखंड किती तत्परतेने धावले पाहा. जलंबपासून खामगावपर्यंतचा आठेक मैलांचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खुला केला, आणि पुढच्या वर्षी बडनेरा-अमरावतीचा फाटा झाला. दोन्ही ठिकाणी कापसाच्या पेठा होत्या. दर्यापूर तालुका तेव्हा एलिचपूर जिल्ह्यात होता आणि कापूस तेथेही भरपूर पिकत होता. तरी व्हिक्टोरियाच्या हयातीत पूर्णेच्या उत्तरेस एलिचपूरकडे आगगाडी आली नाही. मूर्तिजापूर-एलिचपूर ही अरुंद गाडी, आज आपण जिला शकुंतला म्हणतो ती, किलिक निक्सनच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आणली.

याचे कारण मला असे दिसते. कापूस वेचला जातो हिवाळ्यात आणि पेठेत जातो उन्हाळ्यापर्यंत. त्या दिवसांत पूर्णा ओसरलेली असते, काळी माती घट्ट झालेली असते, बंडी पात्रातून उतरते आणि पार होते. पुलाची गरज लागते पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात कापूस घरात नसतो. पावसाळ्यात नदी अडवते ती बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि मजुरीला निघालेल्याला. माल अडत नसेल तर सरकारला घाई कसली?

मग पावसाळ्यात नदी पार कशी होत असे? उतार माहीत असलेल्या माणसामुळे. पात्र दर पुराने बदलते, कालची वाट आज डोह होते. हे ज्ञान गावच्या महाराकडे असे, कारण परक्याला वाट दाखवणे, साहेबाचे ओझे वाहणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे ही त्याच्या वेठीची कामे. आधी तो स्वतः पाण्यात शिरे, छातीपर्यंत पाणी लागले तर मागच्यांना हात करी. नदीची खोली त्याच्या अंगावर मोजली जात होती. आणि ज्या पाण्यात त्याला अमलदारासाठी उतरावे लागे, त्याच पाण्यात पिण्यासाठी घागर बुडवताना त्याला खालची बाजू होती. या खारपाणपट्ट्यात विहिरी खाऱ्या, गोड पाणी नदीचे. तेव्हा खालची बाजू म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पुलाविषयी आपली भूमिका सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. पूल कापसासाठी आला असेल, पण जेथे तो आला तेथे पाण्यातली वेठ संपली. रेल्वेच्या डब्यात जातवार बाकडी नव्हती. वतनाचा तुकडा सोडून महार माणूस मुंबईला पोचला तो याच लोखंडावरून. ही मोकळीक कोणी दिलेली नव्हती. ती लोखंडाच्या फटीतून मिळाली.

ती किती अपुरी होती, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९०१ च्या सुमारास ते भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरले. वडील गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, गाडी मुलांनी हाकायची आणि आपण चालत येणार या अटीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. सरकारी रस्ता, सरकारी नाका. पण नाकेदाराकडून पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा, याच मुंबई-नागपूर मार्गावरच्या चाळीसगावचा. बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरत होते. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही, असे ठरले. महारवाड्यातला एक जण हाकायला बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेत नदीवर लहानसा पूल होता. त्याला भिंत नव्हती, कडेला अंतराअंतरावर दगड होते. चाक त्यांत अडकले, बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला, आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. पूल मजबूत होता आणि सर्वांना खुला होता. पुलाच्या बांधणीत दोष शोधणारा इंजिनियर म्हणेल, भिंत हवी होती. तेवढ्याने काम भागले असते, असे मला वाटत नाही.

कार्नाक पुलाचे नाव बदलले. शकुंतलाही बंद पडली आहे, आणि तिला पुन्हा सुरू करावी यासाठी अर्ज-विनंत्या आणि आंदोलने चालू आहेत. त्या मागणीत दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरच्या आपल्या कार्यकर्त्यांनी असावेच. पण आणखी एक काम विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी अंगावर घ्यावे. पूर्णा, चंद्रभागा आणि शहानूर या नद्यांवर जुने उतार कोठकोठे होते, ते गावोगावच्या वृद्धांना विचारून लिहून काढावे. उतार दाखवणारी घराणी कोणती, त्यांना काय मिळे, पुरात कोण गेले, रेल्वेच्या आणि रस्त्याच्या कामावर महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून कोण गेले होते, त्यांची नावे लिहावीत. बायकांना आधी विचारावे. ओझे डोक्यावर घेऊन पाण्यातून त्याही गेल्या आहेत.