प्रवरेकाठची मळी

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मद्यार्काचा उद्योग वाढला तो जवाच्या नव्हे, तर उसाच्या आधारावर, आणि या इतिहासाचे मूळ 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात व प्रवरेच्या दोन कालव्यांत शोधावे लागते. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, बेलापूर-श्रीरामपूर परिसरात साखर कारखाने आले आणि साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणाऱ्या दाट, काळपट, चिकट द्रवाचे, म्हणजे मळीचे, काय करावे हा प्रश्न त्यांच्याबरोबरच आला. एक टन उसामागे साधारण 40 किलो निघणाऱ्या या मळीत जवळजवळ निम्मी साखरच असते. पाणी घालून ती पातळ केली व तिच्यात यीस्ट सोडले की टाकीतील रस फेसाळून बुडबुडे सोडू लागतो, आंबतो, आणि मग ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून, त्यातून मद्यार्क मिळतो. बिअर मात्र ऊर्ध्वपातनावाचून, मोड आणलेल्या जवापासून होते.

1933 साली स्थापन झालेली महाराष्ट्र शुगर मिल्स पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने मद्यासाठी ओळखली गेली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पिण्याच्या मद्यावर कडक निर्बंध असले, तरी औषधे व रसायनांसाठी मद्यार्क लागतच होता. याच सुमारास, 1950-51 च्या गळीत हंगामात, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. ऊसदरातून कपात करून शाळा-दवाखान्यांसाठी निधी उभारण्याची सहकारी कारखान्यांतील प्रथा ही या भागातील लोकनिधीची एक ठसठशीत परंपरा होय.