पनवेलचे बंदर आणि जगाचा व्यापार

पनवेल हे एके काळी भरभराटीचे बंदर होते, असे आज नव्या पनवेलमध्ये वाढणाऱ्या मुलांना सांगितले तर त्यांचा सहसा विश्वास बसत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पनवेल म्हणजे रेल्वेचे मोठे स्थानक, द्रुतगती मार्गाचे तोंड आणि खाडीकाठच्या खाजणावर उभ्या राहिलेल्या उंच इमारती. खाडी त्यांना दिसते ती पुलावरून जाताना, क्षणभर. पण याच खाडीने पनवेल वसविले, याच खाडीकाठी आपल्या आगरी समाजाने शेतीभोवती बांध घातले, उघाड्या बसविल्या आणि मिठागरे पिकविली. आपल्या समाजाच्या नावाचा संबंधही पुष्कळजण ‘आगर’ या शब्दाशीच जोडतात. म्हणून समाजाच्या या स्मरणिकेत समुद्रमार्गे चालणाऱ्या व्यापाराचा विचार करावयाचा, तो दूरच्या जगाची एक नवलाई म्हणून नव्हे. आपल्या घरचा इतिहास म्हणून करावयाचा आहे.

समुद्रमार्गाचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. जमिनीवर ओझे ओढावे लागते, पाण्यावर ते तरते. जो माल वाहून नेण्यास बैलगाड्यांचा मोठा तांडा लागावा, तो एक गलबत चार-सहा खलाशांच्या बळावर वाऱ्याच्या जोराने नेई. आजही मापाने पाहिले तर जगाच्या परस्पर व्यापारातील सुमारे ८० टक्के माल समुद्रावरूनच जातो. विमाने आली, रेल्वे आली, रुंद रस्ते झाले, तरी धान्य, तेल, कोळसा, लोखंड, खते, यंत्रे आणि कापड यांना जहाजाइतके स्वस्त वाहन मिळालेले नाही.

कोकणात या नियमाला सह्याद्रीची जोड मिळाली. देशावरचा माल घाट उतरून खाली यावयाचा आणि समुद्रावरचा माल खाड्यांतून आत शिरावयाचा. जेथे घाटाची वाट आणि खाडीची वाट एकमेकींस भेटतात तेथे पेठ वसते. नाणेघाटाच्या पायथ्याकडून कल्याण, तसेच बोरघाटाच्या पायथ्याकडून पनवेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावे आढळतात. नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख आणि तेथील दगडी रांजण हेही त्या प्राचीन वाहतुकीचे साक्षीदार होत. पनवेलजवळचा कर्नाळा किल्लाही पनवेल आणि आपटे यांच्या खाड्यांमधील रस्त्यावर नजर ठेवून उभा आहे. शिवछत्रपतींनी १६७० साली तो परत घेतला, तेव्हा त्यांनी केवळ एक डोंगर घेतला नाही, एक वाट ताब्यात घेतली.

पनवेलचा खरा उत्कर्ष झाला तो पेशवाईच्या अस्तानंतर. १८१८ पासून मुंबई आणि पुणे एकाच सत्तेखाली आली आणि १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा पक्का रस्ता खुला झाला. मुंबईहून निघालेला प्रवासी होडीने पनवेलास उतरे, तेथून खोपोली आणि मग घाट. देशावरचा कापूस, धान्य आणि गूळ गाड्यांतून खाली येई, पनवेलच्या धक्क्यावर मचव्यांत चढे आणि भरतीचे पाणी साधून मुंबईकडे जाई. खाडी उथळ असल्यामुळे सारा व्यवहार भरती-ओहोटीच्या हाती होता. उधाणाच्या दिवसांत भरलेले पडाव सहज आत येत, भांगाच्या दिवसांत तांडेलाला वाट पाहावी लागे. या दळणवळणाने पनवेलला एक स्वतंत्र धंदाही मिळाला. येथील सुतारांनी केलेली गाडीची चाके इतकी नावाजलेली होती, की देशावर परतणारा गाडीवान शक्य तर एक जोडी बरोबर नेई. १८५२ साली पनवेलास नगरपालिका स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते.

या ठिकाणी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पनवेल कशावर जगत होते? येथे कापूस पिकत नव्हता आणि येथे गिरण्याही नव्हत्या. पनवेल जगत होते ते माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाण्यावर. गाडीतून उतरणारे आणि मचव्यात चढणारे प्रत्येक पोते हमालाला, गाडीवानाला, तांडेलाला, दलालाला, खाणावळवाल्याला आणि चाके करणाऱ्या सुताराला काही ना काही देऊन जात होते. जेथे माल थांबतो तेथे माणसाला काम मिळते; माल न थांबता पुढे गेला, की गावाच्या वाट्याला केवळ धूळ येते.

तसेच झाले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ साली बोरघाटाची अवघड चढण लोहमार्गाने जिंकली. आता पुण्याचा माल कल्याणमार्गे थेट मुंबईस जाऊ लागला आणि पनवेलला थांबण्याचे त्याला कारणच उरले नाही. सहाच वर्षांनी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुवेझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून येणारी लंडन-मुंबईची वाट चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी कमी झाली. मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट झाला, १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी उभी राहिली. एकाच दशकात जगाची वाट मुंबईच्या दारात आली आणि पनवेलच्या दारावरून निघून गेली. पनवेलास स्वतःची रेल्वे लाभण्यास तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे, म्हणजे १९६० चे दशक, उजाडावे लागले.

या मधल्या काळात जहाजांची मालकी कोणाची हा प्रश्नही देशापुढे आला. मुंबई बंदरात माल आपला, मजूर आपले, पुष्कळ खलाशीही कोकणातले. परंतु जहाजे आणि भाड्याचे दर परक्या कंपन्यांचे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली, ती या अपमानाला उत्तर म्हणून. म्हणूनच ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

समुद्रव्यापारात यानंतरची मोठी क्रांती झाली ती एका लोखंडी पेटीने. पूर्वी जहाजातील पोती, पिंपे, गाठोडी हातांनी चढवावी-उतरवावी लागत आणि जहाज धक्क्याला कित्येक दिवस अडकून पडे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. कारखान्यात बंद झालेली पेटी खरीदणाऱ्याच्या दारातच उघडावयाची. मध्ये यारी तिला उचलील, ट्रक आणि आगगाडी तिला वाहून नेतील. आजची सर्वांत मोठी जहाजे वीस फुटी मापाच्या २४,००० पेट्या नेतात. परंतु ज्या हातबदलावर जुनी बंदरे पोसली गेली, तो हातबदल या पेटीने जवळजवळ नाहीसा केला, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

या पेटीसाठीच आपल्या खाडीच्या मुखाशी न्हावा-शेवा बंदर बांधण्यात आले आणि मे १९८९ मध्ये ते सुरू झाले. परंतु त्याची किंमत आधीच चुकती झाली होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर संपादनाची छाया पडली. ज्या खारजमिनींना आपल्या वाडवडिलांनी समुद्रापासून जपले, त्या कागदावरच्या एका रेषेने गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारांत पाच जणांना वीरमरण आले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. नव्या पनवेलच्या एखाद्या भूखंडावर उभे असलेले आपले घर त्या रक्ताचे ऋणी आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

आपल्या कोळी बांधवांचे दुःख याहून कमी नाही. शेवा कोळीवाड्याचे बंदरासाठी विस्थापन होऊन उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसला. तेथील घरांना वाळवीने ग्रासले आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली, पेट्या पाण्यात पडल्या, तेल किनाऱ्याच्या तिवरांपर्यंत पोहोचले आणि मासळीबाजार ओस पडले. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा निर्णय दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. समुद्रव्यापाराची स्वस्ताई कोणाच्या तरी जाळ्यातून वसूल होत असते, हा या घटनांचा अर्थ आहे.

तथापि बंदराकडे पाठ फिरवून चालणार नाही. २०२४-२५ या वर्षी न्हावा-शेवा बंदराने वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख पेट्यांची हाताळणी केली. नाशिकची द्राक्षे थंड पेट्यांतून येथूनच युरोपास जातात. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुवेझ कालव्यात सहा दिवस अडकले आणि शेकडो जहाजे खोळंबली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि पुष्कळ जहाजांना पुन्हा आफ्रिकेचा वळसा घ्यावा लागला. त्याची झळ पुढच्याच हंगामात नाशिकच्या बागाइतदाराला लागली. २०२० च्या महामारीत मुदत संपूनही जगातले सुमारे चार लाख खलाशी जहाजांवरच अडकून पडले होते. तरीही औषधे आणि धान्य बंदरांत येतच राहिले. जग ज्यांच्या श्रमावर चालते, त्यांची आठवण जगाला ते अडकल्यावरच होते.

आता तर वाट पुन्हा बदलू लागली आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदरास जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. आपल्या बंदरापेक्षा अधिक खोल पाण्यात, आजच्या सर्वांत मोठ्या जहाजांसाठी ते व्हावयाचे आहे. आणि तेथील मच्छीमारही तेच प्रश्न विचारीत आहेत, जे आपल्या गावांनी चाळीस वर्षांपूर्वी विचारले. पनवेलच्या वाट्याला आलेले बदल पाहिले तर बोध एकच निघतो. वाट कोठून जावी हे गावाच्या हाती नसते. त्या वाटेवरचे ज्ञान मात्र माणसाच्या हाती असते, आणि ते तो दुसऱ्या बंदरातही घेऊन जाऊ शकतो. १८६३ नंतर ज्यांच्यापाशी फक्त खांदा होता, त्यांच्या हातचे काम पहिल्याने गेले.

आज आपले पुष्कळ तरुण बंदराच्या फाटकापाशी, वाहनतळांवर आणि पेट्यांच्या गोदामांत राबतात. ते काम प्रतिष्ठेचेच आहे. पण यारी चालविणारा, जहाजाचा अधिकारी, इंजिनियर, सीमाशुल्काचे कागद जाणणारा, विम्याचा आणि सागरी कायद्याचा जाणकार, असे आपल्यातून किती निघाले? न्हावा येथे १९१० पासून खलाशांना शिक्षण देणारी संस्था आहे, नेरूळजवळ करावे येथे ‘चाणक्य’ हे सागरी प्रशिक्षण केंद्र १९९३ पासून आहे. दोन्ही आपल्या दाराशी आहेत. आपल्या मंडळाने दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांना, आणि त्यांत एका मुलीला, सागरी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते. त्याचबरोबर वृद्ध तांडेल आणि मिठागरांवर काम केलेली मंडळी आपल्यात आहेत तोवर त्यांच्याजवळची भरतीची गणिते, वाऱ्यांची नावे आणि जुन्या बंदराच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ती विद्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आपल्या पूर्वजांनी बांध घालून समुद्राला थोपविले आणि उघाडी ठेवून हवे तेवढे पाणी आतही घेतले. आलेल्या भरतीपुढे कसे वागावे याचा धडा त्यांनीच घालून दिलेला आहे. तो गिरविण्याची बुद्धी आणि एकजूट आपल्या समाजास लाभो, हीच प्रार्थना.