मनोऱ्यावरचे घरटे आणि माळावरचा ससाणा

ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने आकाशातून सूर मारून उडत्या पक्ष्याची शिकार करणारा बहिरी ससाणा हा जगातील सर्वांत वेगवान पक्षी मानला जातो. हा पक्षी काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. उंच कड्याच्या कपारीतील माती उकरून केलेल्या उथळ खळग्यात मादी साधारणपणे तीन ते चार अंडी घालते. सुमारे महिनाभर अंडी उबवल्यानंतर पिले बाहेर येतात आणि सहा आठवड्यांच्या सुमारास उडू लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा वापर वाढला. भक्ष्यातून शरीरात साठणाऱ्या या विषामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली. ब्रिटिश संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये हे दाखवून दिले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि ससाण्यांची संख्या हळूहळू सावरली.

कड्यांची जागा शहरांत उंच इमारतींनी, विशेषतः चर्चच्या मनोऱ्यांनी घेतली. मात्र उघड्या दगडावरून अंडी घरंगळतात, पावसाचे पाणी साचते. म्हणून मनोऱ्यावर तळाशी बारीक खडी पसरलेली, पाण्याचा निचरा होणारी पेटी किंवा फळी बसवली जाते. इंग्लंडमधील डर्बी कॅथेड्रलवर २००६ मध्ये, तर नॉर्विच कॅथेड्रलवर २०११ मध्ये अशी सोय करण्यात आली. सॉल्सबरी कॅथेड्रलवर २०१४ मध्ये, सहा दशकांच्या खंडानंतर, पुन्हा पिले वाढली. विणीच्या काळात मनोऱ्याची दुरुस्ती पुढे ढकलणे, हाही या संरक्षणाचाच भाग असतो.

हाच प्रयोग कुर्डुवाडी परिसरात करता येईल का? उजनी जलाशयावर हिवाळ्यात येणारे बहिरी ससाणे उत्तरेकडील थंड प्रदेशातून येतात आणि विणीसाठी तिकडेच परततात. त्यांच्यासाठी येथे पेटी बसवून उपयोग नाही. याच जातीचा स्थानिक उपप्रकार, शाहीन ससाणा, सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करतो. त्याला कृत्रिम पेटीपेक्षा विणीच्या हंगामात गिर्यारोहक व छायाचित्रकारांपासून मोकळा राहिलेला कडा अधिक हवा असतो.

सोलापूरच्या कोरड्या माळरानाचा खरा ससाणा म्हणजे लग्गड. भारतीय उपखंडातील या पक्ष्याची संख्या घटल्याने तो ‘संकटाच्या उंबरठ्यावरील’ जातींत गणला जातो. लग्गडही स्वतःचे घरटे बांधत नाही. कावळे, घारी यांनी सोडलेली घरटी, इमारतींचे कोनाडे किंवा कड्यांच्या कपारी तो वापरतो. त्यामुळे बांधावरचे जुने उंच झाड तुटले, की अनेकदा त्याची विणीची जागाही जाते. कीटकनाशके आणि माळरानांचा ऱ्हास हे त्याच्यापुढचे आणखी दोन धोके होत. माळढोकसाठी १९७९ मध्ये राखलेल्या नान्नज अभयारण्यासारखी गवताळ राने म्हणूनच ससाण्यांनाही महत्त्वाची आहेत.

इंग्लंडमधील मनोऱ्यांचा धडा असा, की पेटी उपयोगी पडली ती विषाचा वापर थांबल्यानंतरच. सुरक्षित जागा आणि निर्विष भक्ष्य दोन्ही मिळाले, तरच ससाण्याची पुढची पिढी आकाशात दिसेल. कुर्डुवाडीच्या शिवारात त्याची सुरुवात नव्या पेटीपासून नव्हे, तर जुने झाड राखण्यापासून होते.