सळई कुणाच्या हातात



मागे तालुक्याच्या मेळाव्यात आमच्या गटाने थालीपिठाच्या तव्याशेजारी एक नवी शेगडी मांडली होती. बांबूच्या काड्यांवर ओवलेली कोंबडी आणि भाज्या, निखाऱ्यावर भाजून. खप बरा चालला होता. तेवढ्यात एक आजोबा थांबले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बायांनो, हे आपलं न्हवं. हाटेलातलं हाय. आन् भाजायचं काम बाप्याचं." समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण परतताना टेम्पोत दुसरा विषय निघाला नाही. आपलं नाही तर कुणाचं? आमच्यातल्या दोघींनी मग वाचनालयातली पुस्तकं काढली. त्यात जे सापडलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, हा प्रकार हॉटेलापेक्षा कितीतरी जुना आहे. सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात शूल्य म्हणतात. अमरकोशात त्याला भटित्र असाही शब्द दिलेला आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकात विदूषक कुरकुरतो ती याच मांसावरून. राजाला शिकारीचा नाद. त्याच्यामागे रानोमाळ हिंडायचं आणि वेळी-अवेळी सळईवरचं मांस खायचं, हे त्याचं गाऱ्हाणं. थोडा विचार केला तर यातलं मर्म कळतं. सळईवरच्या मांसाला भांडं लागत नाही, रश्शाला लागतं तसं पाणीही लागत नाही. सुरी, काडी आणि जाळ एवढंच पुरतं. म्हणजे घर सोडून निघालेल्या माणसाचं हे जेवण. आणि घर सोडून निघायची मुभा कुणाला होती ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट आमच्या दाराशीच निघाली. हैदराबाद रस्त्याने उमरगा सोडून कर्नाटकाची सीमा ओलांडली की पुढे बसवकल्याण लागतं. आमच्या कित्येकींची तिकडे सोयरीक आहे. हेच जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, याच्या नावावर इ.स. ११२९ च्या सुमाराचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचे अध्याय शंभर. हत्ती-घोड्यांपासून राजाने जेवावं काय इथपर्यंत सगळं त्यात आलंय. जेवणाच्या भागात मांस मसाला लावून सळईवर भाजायचा प्रकार आहे, नाव भडित्रक. शेतातले उंदीर भाजायची कृतीसुद्धा आहे. ती वाचून आमच्या मावशींनी पुस्तक मिटलंच होतं!

पण मिटलं असतं तर खरी गोष्ट राहून गेली असती. याच ग्रंथात पुढे गाण्यांचा विषय येतो, आणि तिथे महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी म्हणतात अशी नोंद आहे. आम्ही ती दोनदा वाचली. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या पुस्तकात आपल्या आज्या-पणज्या आहेत, पण त्या मुसळापाशी आहेत. ताटातलं भडित्रक राजाचं. एका पुस्तकात दोन्ही, फक्त पानं वेगळी.

बाया सळईजवळ कधी दिसतच नाहीत असंही नाही. माळव्यात मांडूचा सुलतान घियासशाह, १४६९ ते १५०० त्याचं राज्य. त्याच्यासाठी 'निमतनामा' नावाचं पाककृतींचं सचित्र पुस्तक सुरू झालं आणि त्याच्या मुलाच्या काळात पुरं झालं. त्यात कबाब आहेत, आणि चित्रांत मिशाळ सुलतानाभोवती रांधणाऱ्या बायाच बाया आहेत. त्याच्या दरबारात बायकांचाच भरणा होता. हात बायांचे, पण जीभ सुलतानाची. आमच्या मते याला सळई हातात येणं म्हणत नाहीत.

आपल्याकडची कंदुरी आठवा. बोकड कापणं, घराबाहेर तीन दगडांवर मोठं पातेलं चढवणं, वाटे घालणं, सगळं पुरुषांकडे. आपल्याकडे भाकऱ्या आणि मसाला वाटणं. आजोबा बोलले ते काही मनाने बोलले नव्हते. त्यांनी जन्मभर जे पाहिलं ते बोलले.

आता कोंबडीकडे येऊ. मनुस्मृतीने गावकोंबडा खाण्यात वर्ज्य धरला आहे. पण गरिबाच्या अंगणात तो होताच. आणि कोंबड्या बाईच्या होत्या. शेत नवऱ्याच्या नावावर, म्हैस सासऱ्याच्या, पण खुराडं तिचं. अंडी विकून मीठ-मिरची, कोंबडी विकून पोराची वही नाहीतर माहेरच्या वाटेचं भाडं. ही आपली बँक, बचत गटाच्या कितीतरी आधीची. म्हणून तर कोंबडी सहसा कापली जायची नाही. पाहुणा आला तरच. आणि ती गावरान, चिवट. रश्शात तासभर रटरटली तर मऊ व्हायची. काडीवर भाजली असती तर दात पडले असते.

हे बदललं ब्रॉयलरने. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, पुढे पुण्यातून तिचा मोठा विस्तार झाला, आणि सहा-सात आठवड्यांत वाढणारी मऊ कोंबडी गावोगाव मिळू लागली. ढोबळी मिरची आणि टोमॅटोही तसे परदेशीच. तिखट मिरचीसारखेच अमेरिका खंडातून आलेले. मिरची पोर्तुगिजांनी आणली. सोमेश्वराच्या भडित्रकाला तिचा स्पर्शही नव्हता. म्हणजे आज घरी काडीवर आपण जे ओवतो ते राजाच्या ताटातही नव्हतं. पण याची किंमत आपण मोजली, तेही बोललं पाहिजे. ब्रॉयलरने सळई घरात आणली आणि खुराडं अंगणातून नेलं. शेडचा करार बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. आपण आपली कोंबडी विकायच्या, आता दुकानातून किलोवर आणतो.

म्हणून शेगडीचं आम्हाला अगत्य. आमची पहिली खेप फसली होती. काड्या जळाल्या, तुकडे बाहेरून काळे आणि आत कच्चे. आता अशी रीत बसली आहे. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायच्या. मांडीचं बिनहाडाचं मांस घ्यायचं, छातीचं कोरडं पडतं. इंचभर तुकडे करायचे. किलोला वाटीभर चक्का, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू, दोन चमचे भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याचं तेल लावून दोन-तीन तास मुरवायचे. बेसनाने मसाला चिकटून राहतो. कांद्याच्या पाकळ्या आणि ढोबळी मिरची वेगळ्या काडीवर ओवायची, कारण भाजी आधी होते आणि कोंबडी मागे राहते. शिवाय आमच्यात तिघी माळकरी आहेत. त्यांची शेगडी, चिमटा, ब्रश, सगळं निराळं. जाळ विझून निखाऱ्यावर राख धरली की मगच काड्या ठेवायच्या. तुकडा मधून कापून बघायचा, गुलाबी दिसला तर परत निखाऱ्यावर. कच्च्या कोंबडीचा उरलेला मसाला शिजलेल्यावर अजिबात फासायचा नाही.

आणि निखाऱ्याची पारख आपल्याला कुणी शिकवायला नको. भरताचं वांगं आपण आरातच भाजत आलो. आमच्या काकूंचा हात नुसता वरून फिरला तरी त्या सांगतात, "अजून थांब."

मेळावा पुन्हा भरणार आहे. ते आजोबा आले तर त्यांना पहिली काडी फुकट द्यायची की पैसे घ्यायचे, यावर गटात अजून एकमत नाही. मावशी म्हणतात, पैसे घ्यायचे.